समोरचे वाहन दिसते, एवढ्याने सायकलस्वार सुरक्षित होत नाही

नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या परिसरात मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने सायकल चालविणाऱ्यांत, आणि विशेषेकरून मुलांना सायकल शिकविणाऱ्या वडीलधाऱ्यांत, एक समजूत इतकी दृढमूल झालेली आहे की, तिचे निराकरण करू जाता ‘मागून येऊन कोणी उडविले तर?’ हा प्रतिप्रश्न ठरलेलाच असतो. समजूत अशी की, सायकलस्वाराने रहदारीच्या विरुद्ध दिशेने, उजव्या कडेने जावे. समोरचे वाहन दिसत असल्यामुळे वेळीच बाजूला होता येते. दुभाजकामुळे पलीकडे जाण्यास वळसा पडतो, तो टाळण्याच्या सोयीलाही मग सावधगिरीचे नाव मिळते. ज्या जिल्ह्यातील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेथे हा समज टिकून राहावा, याचा विषाद वाटतो.

हा सल्ला मुळात पादचाऱ्यांचा. पदपथ नसलेल्या रस्त्यावर वाहनांकडे तोंड करून चालणे योग्यच, कारण चालणारा एका पावलात रस्ता सोडतो. सायकलीला आडवे पाऊल टाकता येत नाही.

हिशेब पाहा. मोटारीचा वेग ताशी 60 किलोमीटर व सायकलीचा 20 धरला, तर एकाच दिशेने जाताना त्यांच्यातील 100 मीटरांचे अंतर 9 सेकंदांत संपते. समोरासमोर ते साडेचार सेकंदांतच संपते. शिवाय मागच्या चालकास वेग कमी करून सायकलीमागे राहण्याची मुभा असते, समोरासमोर मात्र कोणी बाजूस होऊ शकला नाही तर दोघांनाही पूर्ण थांबल्यावाचून गत्यंतर नाही.

त्याहून मोठा धोका फाट्यांवर. महामार्गावरील ‘दहावा मैल’ या फाट्यासारख्या ठिकाणी आडरस्त्यावरून डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच येणार; डावीकडून उलटा येणारा सायकलस्वार त्याच्या ध्यानीमनीही नसतो. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी वाक्टेल व लुइस्टन यांचे कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील 1994 चे संशोधन पाहावे: चौकांत उलट्या दिशेच्या सायकलस्वारास मोटारीशी टक्कर होण्याचा धोका सरासरी 3.6 पट आढळला.

सायकलीविषयीच्या इतर काही समजुतीही अशाच चुकीच्या आहेत. सायकलीला कायदा लागू नाही, हे खोटे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 मध्ये बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालविणे अंतर्भूत आहे. पुढचा ब्रेक दाबताच सायकल उलटते म्हणून तो सोडून देणारे आपली बहुतांश रोधशक्ती गमावतात. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. रबरी टायर विजेपासून वाचवितात, हे तर निव्वळ असत्य: गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत जावे.

मागच्या वाहनाची भीती मात्र खरी आहे, आणि तिचा उपाय म्हणजे मागे लाल दिवा, परावर्तक, आरसा व उजळ कपडे. पालकांनी मुलांच्या सायकलींना हे आजच बसवून द्यावे, आणि त्यांना डाव्या कडेनेच जाण्याची सवय लावावी.