रॅली गेमसाठी घरचा हँडब्रेक

डर्ट रॅली २.० मधलं हेअरपिन वळण बटण दाबून घेणं मला कधीच पटलं नाही. बटणाला चालू आणि बंद एवढंच कळतं. मागची चाकं किती आवळायची हे हातानेच ठरवायला हवं.

भंगारात मारुतीचा जुना हँडब्रेक मिळाला. आधी त्यातला कटकट वाजणारा दातेरी खटका काढला, नाहीतर लिव्हर ओढल्या जागीच अडकतो. रॅलीत तो सोडताक्षणी परत यायला हवा, म्हणून मागे जाड स्प्रिंग लावली.

सेन्सरसाठी पोटेन्शिओमीटर स्वस्त पडतो, पण तो फक्त लिव्हर किती हलला ते मोजतो आणि झिजतोही. लोडसेल जोर मोजतो. त्याचा सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून सोबत एचएक्स७११ मॉड्यूल हवं. खरी मेख इथेच आहे! बरीच मॉड्यूल्स सेकंदाला १० वेळाच वाचतात. रेट पिन ग्राउंडपासून सोडवून पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडली की ८० वेळा वाचतात. फरक हाताला लगेच जाणवतो.

बोर्ड आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. योग्य कोड टाकला की पीसीला ते थेट जॉयस्टिक म्हणून दिसतात. ऊनोला हे सहजासहजी जमत नाही.

आणि लिव्हर टेबलाला बोल्टनेच आवळा, जोरात ओढताना क्लॅम्प सरकतो.