ओढ्याचा पूर आणि भरावांची भिंत : बुडमेरूपासून घ्यावयाचा धडा

आंध्र प्रदेशातील मैलावरम परिसराच्या टेकड्यांत उगम पावणारा बुडमेरू हा वर्षातील बहुतेक काळ क्षीणपणे वाहणारा प्रवाह आहे. मात्र ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या अतिवृष्टीत त्याने रौद्र रूप धारण केले. त्याच्या वळण कालव्याच्या काठाला तीन ठिकाणी खिंडारे पडली. अजितसिंगनगरासह विजयवाड्यातील सखल वस्त्या अनेक दिवस पाण्याखाली राहिल्या आणि रायनपाडू रेल्वे स्थानक जलमय झाले. अखेर सैन्यदलाच्या साहाय्याने ही खिंडारे बुजवण्यात आली. एका लहान प्रवाहाने शहर, लोहमार्ग आणि शेती यांना एकाच वेळी वेठीस धरले. त्यामागील कारणे समजून घेतल्यास देशातील अनेक ओढ्यांच्या पूरनियंत्रणाला दिशा मिळू शकते.

एक प्रवाह, दोन वाटा

वेलगलेरू येथील नियंत्रकापासून पुराचा काही भाग वळण कालव्याने प्रकाशम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस कृष्णेत सोडला जातो. उरलेले पाणी जुन्या पात्राने शहराच्या कडेने वाहते, एनिकेपाडू येथे एलुरू कालव्याच्या तळाखालील बोगद्यातून पार होते आणि कोल्लेरू सरोवरास मिळते. तेथून उप्पुटेरू हा प्रवाह ते समुद्रापर्यंत नेतो.

या रचनेत दोन मर्यादा आहेत. कृष्णेलाच महापूर असेल तर वळण कालव्याचे पाणी नदीत सहज शिरत नाही, ते मागे तुंबते. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी प्रकाशम बंधाऱ्यातून ११ लाख क्युसेकपेक्षा अधिक विसर्ग होत होता. दुसरी मर्यादा म्हणजे, पट्टिसीमा उपसा योजनेचे गोदावरीचे पाणीही याच मार्गाने कृष्णेत येते. त्या योजनेची क्षमता ८,५०० क्युसेक आहे. कालवा सिंचनाच्या पाण्याने आधीच भरलेला असेल, तर पुरासाठी तेवढी जागा कमी उरते. म्हणून अतिवृष्टीचा इशारा मिळताच उपसा थांबवून कालवा रिकामा ठेवणे हा पूरनियोजनाचाच भाग ठरतो.

मोरी हीच खरी दारे

लोहमार्ग व महामार्ग पुरापासून सुरक्षित राहावेत म्हणून उंच भरावावर बांधले जातात. परंतु सपाट प्रदेशात असा भराव आडवा आला की तो नकळत धरणासारखा वागतो. पूर्वी शेतांवरून विस्तृत पसरून जाणारे पाणी आता केवळ पूल आणि मोऱ्या यांच्यातूनच जाऊ शकते. त्यांची वहनक्षमता अपुरी असल्यास वरच्या बाजूस फुगवटा निर्माण होतो, तर खालच्या बाजूस वेगवान प्रवाहाने पाया खरवडला जातो.

पाण्याचे प्रमाण साध्या हिशेबाने लक्षात येते. १ हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १,००० हेक्टर पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास १० लाख घनमीटर पाणी जमा होते. मोरीच्या आकाराचे महत्त्वही असेच आहे. समान उतारावर भरून वाहणाऱ्या गोल नळाचा व्यास दुप्पट केल्यास वहनक्षमता सुमारे सहापट होते. याउलट गाळ आणि जलपर्णी यांनी तोंड आवळले गेले, की कागदावरील क्षमता निरर्थक ठरते.

सुधारणांचा क्रम

पूरनियंत्रणाची कामे खालून वर करावीत, हा जलनिस्सारणाचा मूलभूत नियम आहे. वरचे पात्र आधी रुंद केल्यास पूर नाहीसा होत नाही. तो खालच्या अरुंद मोरीपाशी अधिक वेगाने पोहोचतो. बुडमेरूच्या बाबतीत शेवटचे टोक कोल्लेरू आहे. या सरोवरात मत्स्यतळ्यांचे बांध वाढल्याने पाण्याच्या वाटा अडल्या होत्या; २००६ मध्ये त्यांपैकी अनेक बांध हटवण्यात आले. सरोवराची साठवणक्षमता आणि उप्पुटेरूचे मुख मोकळे नसेल, तर शहराला दिलेला दिलासा खालच्या गावांतील भातशेतीच्या माथी येतो.

रुळांखालील जलमार्ग वाढवण्यासाठी वाहतूक दीर्घकाळ बंद ठेवण्याची गरज नसते. तयार काँक्रीट पेट्या भरावात ढकलून बसवण्याचे तंत्र देशात रुळले आहे. अडचण समन्वयाची असते. रूळ रेल्वेचे, रस्ता महामार्ग यंत्रणेचे, कालवा जलसंपदा विभागाचा आणि नाला नगरपालिकेचा. एकाच प्रवाहावरील लागोपाठच्या चार मोऱ्या चार वेगवेगळ्या पूरमानांवर आखल्या गेल्या, तर त्यांतील सर्वांत लहान मोरीच साऱ्या प्रवाहाची क्षमता ठरवते.

वरच्या पाणलोटातील तलावांकडे दुर्लक्ष केल्याची किंमतही मोठी असते. २९ ऑक्टोबर २००५ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशातील वलिगोंडा येथे तलाव फुटून आलेल्या लोंढ्याने लहान रेल्वेपूल वाहून गेला आणि प्रवासी गाडीच्या अपघातात शंभराहून अधिक जणांचा मृत्यू झाला. लोहमार्गावर परिणाम करणारे तलाव, बांध व कालवे यांची नोंद ठेवून रेल्वे आणि राज्य शासनाने संयुक्त पाहणी करण्याची पद्धत आहे. सिंचन तलावाचा सांडवा व बांध सुस्थितीत ठेवणे हे म्हणूनच केवळ शेतीचे काम नाही.

शेतीच्या दृष्टीने

शहरासाठी पुराची उंची निर्णायक असते. पिकांसाठी पाणी किती दिवस साचते हे अधिक महत्त्वाचे. स्वर्णा-सब१ सारखे भाताचे वाण सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडूनही तग धरते. मिरची, कापूस, हळद यांची मुळे मात्र अल्पकाळ साचलेल्या पाण्यानेही गुदमरतात. त्यामुळे प्रत्येक आराखड्यात कमाल पूरपातळीबरोबरच शेतातील पाणी किती तासांत ओसरेल, याचेही उद्दिष्ट असावे.

पावसाळ्यापूर्वी गावपातळीवर प्रत्येक मोरीची पाहणी करावी, तोंडाशी साचलेला गाळ काढावा आणि मागील पुराची खूण पुलाच्या खांबावर रंगवून ठेवावी. मोजमापकेंद्र नसलेल्या ओढ्यावर ही खूण अभियंत्यासाठी मोलाची नोंद ठरते. कोणत्या शेतात पाणी किती दिवस होते, हे तेथील शेतकऱ्याइतके अचूक कोणी सांगू शकत नाही. ही माहिती आराखडा कायम झाल्यावर नव्हे, तर मोरीचा आकार ठरण्यापूर्वी अभियंत्यांच्या हाती पोहोचली पाहिजे.