मासेमारी: एकाचा छंद, दुसऱ्याचं पोट. फरक नेमका कुठे आहे?

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. पहाटेची वेळ, कोकणातला खडकाळ किनारा, हातात रॉड घेतलेला एक तरुण. रॉड वाकतो, थोडा वेळ झटापट चालते आणि मग दोन्ही हातांत भलामोठा जिताडा धरलेला फोटो. खाली कमेंट्स येतात: 'हेच खरं आयुष्य', 'नोकरी सोडून मासेच पकडावेत', 'कोळ्यांची मजा असते राव'.

पहिल्या दोन कमेंट्स सोडून देऊ. तिसरीत मात्र गैरसमज आहे. सुट्टीच्या दिवशी गळ टाकणारा आणि रोज जाळं टाकणारा, दोघंही मासेच पकडतात. पण दोघांचा हिशेब वेगळा, धोका वेगळा आणि मासा मिळाला नाही तर होणारा परिणामही वेगळा. हा फरक समजून घेणं का गरजेचं आहे, ते पाहूया.

छंद कशाला म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने (एफएओ) याची सोपी व्याख्या केली आहे. पकडलेला मासा हा तुमच्या पोटापाण्याचा मुख्य आधार नसेल आणि तो साधारणपणे विकला जात नसेल, तर ती हौशी मासेमारी. जगभरात किमान २२ कोटी लोक अशी मासेमारी करतात, असा जागतिक बँकेच्या २०१२च्या अहवालातला अंदाज आहे. म्हणजे हा काही मूठभर लोकांचा नाद नाही.

या व्याख्येतून आणखी एक गट समोर येतो. रायगडमधली कातकरी कुटुंबं नदी-ओढ्यात, खाडीत मासे, खेकडे, चिंबोऱ्या पकडतात. त्यातलं बरंचसं घरच्या जेवणासाठी असतं. हा छंद नाही आणि मोठा धंदाही नाही. त्या दिवशीच्या कालवणाचा तो प्रश्न असतो. त्यामुळे खाडीवर गळ टाकून बसलेला प्रत्येक माणूस 'टाइमपास' करतोय, असं समजू नका.

एका फेरीचा हिशेब

हौशी माणसाचा मोठा खर्च एकदाच होतो. रॉड, रील (इन्स्टावरचं नाही, दोर गुंडाळायचं), दोर, गळ आणि लूर, म्हणजे माशासारखं दिसणारं खोटं आमिष. मासा मिळाला नाही तर पेट्रोलचे पैसे गेले, एवढंच. आणि ते पैसे पगारातून आलेले असतात.

बोटीचा खर्च मात्र प्रत्येक फेरीला नव्याने सुरू होतो. डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन, जाळ्याची दुरुस्ती. मोठी बोट असेल तर ती कित्येक दिवस समुद्रात राहते. हा सगळा पैसा बोट बंदरातून सुटण्याआधी घालावा लागतो आणि बऱ्याचदा तो उसना किंवा कर्जाने घेतलेला असतो.

मासा मिळाल्यावरही काम संपत नाही. अनेक छोट्या बोटींवर आजही वाट्याची पद्धत आहे. विक्रीतून आधी खर्च वजा होतो, मग बोटीचा आणि जाळ्याचा वाटा निघतो आणि उरलेलं माणसांमध्ये वाटलं जातं. खर्चच भरून निघाला नाही, तर खलाशाच्या हातात काही पडत नाही. चांगली मासळी मिळाली आणि त्याच दिवशी सगळ्यांनाच मिळाली, तर लिलावात भाव पडतो. बर्फ वितळतोय आणि मासा खराब होतोय, त्यामुळे उद्यापर्यंत थांबू असंही म्हणता येत नाही. पुढे तोच मासा बाजारात विकायला बसणाऱ्या कोळणीचा दिवस वेगळाच, तिचीही कमाई याच मासळीवर अवलंबून.

कधी जायचं, हे कोण ठरवतं?

हौशी माणसासाठी रविवार ठरवतो. डोल जाळ्याने बोंबील आणि जवळा पकडणाऱ्यासाठी भरती-ओहोटी ठरवते. डोल हे पिशवीसारखं जाळं पाण्यात एका जागी बांधून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीने मासा त्यात शिरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा ओढ मंदावते. कामाचं वेळापत्रक चंद्राच्या हातात असतं, मग ती वेळ रात्री दोनची असो की दुपारची.

त्यावर हवामानाचा मार. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं एकामागोमाग आली. ऐन हंगामात बोटी किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी महाराष्ट्रात समुद्री मासळीचं उत्पादन सुमारे २.०१ लाख टनांवर आलं. ४५ वर्षांतला हा नीचांक होता. वादळाचा इशारा आला की हौशी माणूस पिकनिक पुढे ढकलतो. मच्छीमाराला कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येत नाही.

६१ दिवसांची बंदी कोणासाठी?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि अनेक माशांचा हा प्रजननाचा काळ असतो. दोन महिने कमाई बंद ठेवून बोटीची, जाळ्यांची डागडुजी करायची आणि मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा. कोळीवाड्यात हे वर्षाचं चक्रच आहे.

बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना या बंदीतून सूट आहे. खडकावर उभं राहून गळ टाकणाऱ्याकडे तर बोटच नसते, त्यामुळे तोही या बंदीत येत नाही. उलट पावसाळा हा गळ टाकणाऱ्यांचा आवडता मोसम. इथे नियम मोडला जात नाही, हे खरं. पण अंडी घालायला आलेल्या माशांना वेळ मिळावा म्हणून एक माणूस दोन महिने घरी बसतो आणि त्याच खाडीच्या तोंडावर दुसरा माणूस तेच मासे पकडून फोटो टाकतो, हे चित्र कोळीवाड्यातून कसं दिसत असेल, याचा विचार करायला हरकत नाही.

'पकडा आणि सोडा' कोणाला परवडतं?

अनेक हौशी लोक मासा पकडून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. ही चांगली सवय आहे. पण त्यावरून 'आम्ही निसर्ग जपतो, कोळी लोक समुद्र ओरबाडतात' असं म्हणणं बरोबर नाही. ज्याच्या घरचं रेशन त्या माशावर अवलंबून नाही, त्याला सोडून देणं सोपं असतं.

मच्छीमाराच्या जाळ्यात कासव किंवा देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, अडकला तर त्याला सोडवण्यासाठी बऱ्याचदा जाळंच कापावं लागतं. जाळं म्हणजे भांडवल. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने २०१८मध्ये योजना आणली. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना आल्यापासून मच्छीमारांनी अशी कासवं आणि देवमुशी सोडल्याच्या अनेक नोंदी आहेत.

जिताड्याची गोष्ट

आता सुरुवातीच्या फोटोकडे परत येऊ. जिताडा जन्मल्यावर आधी नर असतो. काही वर्षांनी, चांगला वाढल्यावर, तो मादी होतो. म्हणजे फोटोत जो सगळ्यात मोठा जिताडा सगळ्यात जास्त लाइक्स मिळवतो, तो बहुतेक वेळा मादी असतो. एका हंगामात लाखो अंडी देणारी मादी.

व्यावसायिक मासेमारीत लहान माशांबद्दल नियम आहेत. महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा घोषित करण्यात आलं. हे नियम लहान माशाला वाढायला वेळ देतात. जिताड्याच्या बाबतीत मात्र खूप मोठा मासाही तितकाच मोलाचा असतो. छंदासाठी पकडणाऱ्याला हे समजलं, तर मोठी मादी सोडून मधल्या आकाराचा एखादा मासा घरी नेणं त्याला सहज शक्य आहे.

धरणातला मासा कोणाचा?

'पाण्यातला मासा सगळ्यांचा' असं आपण सहज म्हणतो. धरणं आणि तलावांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. राज्यातले अनेक जलाशय मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था पैसे भरते, रोहू-कटल्याचं बीज सोडते आणि मासे वाढण्याची वाट पाहते. वीकेंडला येऊन तुम्ही ओढलेला पाच किलोंचा कटला कोणीतरी बोटभर असताना विकत आणून सोडलेला असतो. तिथे न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं तोडण्यासारखं आहे. मुंबईत पवई तलावावर हौशी मासेमारांची संघटना कित्येक दशकांपासून आहे. सभासद होऊन, नियम पाळूनही हा छंद करता येतो, हे त्यावरून दिसतं.

छंद धंद्याला हटवू शकतो का?

हो, आणि याचं उदाहरण जिताड्याचंच आहे. ऑस्ट्रेलियात या माशाला बारामुंडी म्हणतात आणि तो पकडण्याचं तिथे प्रचंड वेड आहे. क्वीन्सलँड राज्याने नोव्हेंबर २०१५मध्ये केर्न्स, मॅके आणि रॉकहॅम्प्टन या शहरांजवळच्या तीन भागांत व्यावसायिक जाळ्यांवर बंदी घातली. तिथे हौशी मासेमारी वाढावी आणि पर्यटन यावं, हा हेतू होता. काही मच्छीमारांचे परवाने सरकारने पैसे देऊन परत घेतले. हौशी लोकांची संख्या मोठी, त्यांच्यामागे उभा असलेला पर्यटन व्यवसायही मोठा. त्यापुढे जाळंवाल्यांचा आवाज कमी पडला.

आपल्याकडे परिस्थिती तशी नाही. इथल्या मच्छीमाराला भेडसावणारे मोठे प्रश्न वेगळे आहेत: बंदी असूनही चालणारी एलईडी दिव्यांची मासेमारी, पर्ससीन जाळी, खाड्यांमधलं प्रदूषण, भराव. त्या तुलनेत गळवाला फार लहान आहे. एप्रिल २०२५मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळाव्यात, हा त्यामागचा उद्देश आहे. पण किनारा पर्यटनासाठी ठेवायचा की जाळी वाळवायला, हा वाद कोकणातही उभा राहू शकतो.

मग छंद सोडायचा का?

अजिबात नाही. छंद आणि धंदा एकमेकांना मदतही करू शकतात. कोकणात काही ठिकाणी स्थानिक मच्छीमार हौशी लोकांना स्वतःच्या होडीतून घेऊन जातात. कुठल्या खडकाजवळ कुठल्या पाण्याला कोणता मासा येतो, हे त्यांना पाठ असतं. त्या माहितीचे पैसे देणं हा चांगला व्यवहार आहे.

पुढच्या वेळी रॉड घेऊन निघाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

- तलाव किंवा धरण असेल तर ते कोणत्या संस्थेकडे आहे, ते विचारा आणि परवानगी घ्या.
- पकडलेला मासा विकू नका. बोट, परवाना, कर्ज यांचा खर्च तुम्हाला नाही, त्यामुळे तुम्ही लावलेला भाव दुसऱ्याचा भाव पाडतो.
- लहान मासे आणि अंडी असलेल्या माद्या सोडून द्या. घरी लागतील तेवढेच ठेवा.
- बांधलेल्या जाळ्यांजवळ गळ टाकू नका.
- तुटलेला नायलॉनचा दोर खडकावर सोडू नका. त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.
- पावसाळ्यात खडकांवर जाताना भरतीची वेळ पाहा, लाइफ जॅकेट घाला आणि स्थानिक लोक 'आज नको' म्हणाले तर परत फिरा.

आणि पुढच्या वेळी मासळी बाजारात भाव ऐकून 'एवढा महाग?' असं तोंडातून निघेल, तेव्हा बोट सुटण्याआधीच लागलेलं डिझेल आणि बर्फ आठवा. तुमचा रविवार रिकाम्या हातांनी गेला तर तो एक किस्सा होतो. त्यांचा सोमवार रिकामा गेला, तर मंगळवारी पुन्हा उधारीवर बोट सोडावी लागते.