फोनला अपडेट आलंय : लगेच करायचं की थांबायचं?

आगर (ता. डहाणू) : 'सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध' असं फोनवर आलं की कोणी वर्षभर 'नंतर' दाबत बसतो, तर कोणी दिसलं की दाबून मोकळा होतो. मी दुसऱ्यातला. ऐन चिकूच्या तोडणीत, गाडी भरायच्या वेळेला मी अपडेट सुरू केलं. पाऊण तास फोन काळा. व्यापाऱ्याचा कॉल हुकला तो हुकलाच, वर बँकेच्या अॅपची नोंदणी पुन्हा करावी लागली.

मग न केलेलं बरं? तसंही नाही.

आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी 'कर्नल' नावाचा भाग असतो. वाडीतला मुकादमच म्हणा. कोणत्या अॅपला कॅमेरा, कोणाला मेमरी, कोणी कोणाच्या कामात हात घालायचा नाही, हे तो ठरवतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा, जो लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केला. मुकादमच फितूर झाला तर वाडीला कुलूप लावून काय उपयोग?

तसं घडलेलं आहे. 'डर्टी काऊ' नावाची चूक २००७ पासून लिनक्स कर्नलमध्ये होती, ती ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली आणि दुरुस्तीही निघाली. तरी २०१७ मध्ये तीच फट वापरणारं 'झेडनियू' हे घातक सॉफ्टवेअर ४० हून जास्त देशांत सापडलं. सर्वात जास्त फोन चीन आणि भारतातले. औषध निघून वर्ष होत आलं होतं, फोनपर्यंत पोचलं नव्हतं.

म्हणून दोन अपडेटमधला फरक ओळखा. 'सिक्युरिटी पॅच' लहान असतो, कर्नलच्या फटी बुजवतो. तो आठवड्याच्या आत करून टाका. अँड्रॉइडचा आकडाच बदलणारं, म्हणजे १४ वरून १५ असं मोठं अपडेट मात्र दोन-तीन आठवडे थांबून करावं. तोवर तोच फोन असलेल्या कोणाला तरी विचारा, बॅटरी कशी, बँकेचं अॅप चालतं का.

थांबायचं कारण मोठमोठ्यांनाही कळलंय. १९ जुलै २०२४ ला 'क्राउडस्ट्राइक' कंपनीचं एक चुकीचं अपडेट विंडोजच्या कर्नलपर्यंत गेलं आणि जगात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आकासा एअरला चेक-इन हाताने करावं लागलं. तेही सुरक्षेचंच अपडेट होतं बरं का! म्हणून मी पॅचलाही एक-दोन दिवस देतो, पण महिना देत नाही.

वेळ रात्रीची, चार्जिंग भरपूर, फोटो आणि नंबर आधी दुसरीकडे ठेवलेले. पीएम किसानची ई-केवायसी किंवा ई-पीक पाहणीची शेवटची तारीख तोंडावर असेल तर आधी ते काम उरका.

आणि व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान अपडेट' म्हणून आलेली एपीके फाइल उघडूच नका. फोनचं खरं अपडेट सेटिंगमध्येच येतं.

आता सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट'समोर तारीख दिसेल. काही फोनांत ती 'अँड्रॉइड व्हर्जन'वर दाबल्यावर दिसते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि नवीन काही येतच नसेल, तर कंपनीने तो फोन सोडलाय. असा फोन बोलायला, गाणी ऐकायला ठेवा. पैशाचे व्यवहार त्यावरून मी तरी करत नाही.