फ्रीजमधला गॅस ‘संपतो’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो, आमच्या चाकूरला मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, “वहिनी, गॅस संपलाय, भरावा लागेल.” कधी कधी तर फ्रीज पुढे ओढून बघायच्या आधीच हे निदान झालेलं असतं! तुमच्याकडेही हेच असेल. म्हणूनच हा गॅस आणि त्याचा दाब आपण जरा समजून घेऊ या.

फ्रीजमधला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठंतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेलं पाणी.

आता दाबाचं पाहा. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून तर डाळ लवकर शिजते. फ्रीजमध्ये नेमकं उलट! तिथं दाब उतरवून गॅसला उणे वीस-पंचवीस अंशांवर उकळायला लावतात आणि उकळताना तो फ्रीजरमधली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि मागच्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा पातळ होतो. खोलीच 42 अंशांवर असेल तर जाळीतला गॅस त्याहून गरम हवा, म्हणजे दाब आणखी चढवायला हवा. कॉम्प्रेसर दमतो, विजेचं बिल वाढतं. त्यात जाळीवर धूळ आणि फ्रीज भिंतीला चिकटलेला, मग काय विचारता! म्हणून आधी जाळी झाडा, मागं वीतभर जागा सोडा, दाराचं रबर नीट बसतं का पाहा. (नव्या फ्रीजची जाळी बऱ्याचदा बाजूच्या पत्र्याआड असते. तो पत्रा कोमट लागला तर घाबरू नका.)

एवढं करूनही थंड होत नसेल तर मेकॅनिकला बोलवा, पण पहिला प्रश्न विचारा, “आमच्या फ्रीजमध्ये गॅस कोणता?” कारण गेजचा काटा प्रत्येक गॅसला वेगळं बोलतो. आर-22चा जुना एसी चालू असताना खालच्या दाबाच्या बाजूला साधारण 65-70 पीएसआय दिसतो, तर आर-32च्या नव्या एसीत 120च्या आसपास. फ्रीजमध्ये पूर्वी आर-12 असे. तो ओझोनच्या थराला घातक ठरला. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला आणि तो गॅस मागं पडला. पुढं आर-134ए आला आणि आता बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए असतो. हा म्हणजे आयसोब्यूटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊबंद. पेटणारा, बरं का!

आणि खरी गोम इथंच आहे. आर-600एच्या चालू फ्रीजमध्ये खालचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो, काटा शून्याच्या खाली जातो. ते बरोबरच असतं. पण जुन्या गॅसची सवय असलेला माणूस “दाब नाही” म्हणून काटा वर येईपर्यंत भरत सुटतो आणि कॉम्प्रेसरच्या जिवावर बेततं. शिवाय त्या बाजूला भोक असेल तर चालू फ्रीजमध्ये गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. म्हणून गळती बुजवून, पंपानं आतली हवा पूर्ण काढून, गॅस वजन करूनच भरायचा. फ्रीजवरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. बहुधा काही दशक ग्रॅमच, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांएवढं वजन! मेकॅनिकनं वजनकाटा आणलाय का, ते बघा. आणलेला नसेल तर काम थांबवायला संकोच करू नका.

नळीला डाग देताना शेगडी बंद, खिडक्या उघड्या आणि मुलं बाहेर. आतला गॅस आधी मोकळ्या हवेत सोडलेला असला पाहिजे, हेही विचारून घ्या. आणि फ्रीजरमधला बर्फ सुरीनं कधी खरवडू नका. त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात. फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा, आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवलं की बर्फ आपोआप सुटतो.