जुनं मिलिंग, नवी चाल

पुणे-मिरज लोहमार्गावर यंत्रांच्या इतिहासातली दोन स्टेशनं लागतात. साताऱ्याजवळच्या सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये नांगरांचा कारखाना काढला आणि १९३३ मध्ये तिथेच डिझेल इंजिन तयार झालं. पुढे सांगली जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या आश्रयाने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. स्टेशनचं नावही पुढे तेच झालं. शेतकऱ्याला दिसले ते नांगर, पंप आणि इंजिनं. पण ती घडवायला आधी लेथ, शेपर आणि मिलिंग लागतं. सातारा, कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत आजही अशी जुनी मिलिंग मशीन्स पाहायला मिळतात, आणि त्यांच्या मालकांपुढे एकच प्रश्न असतो: भंगारात द्यायचं की नवं करायचं?

यातल्या हायड्रॉलिक मिलिंगमध्ये टेबल तेलाच्या दाबावर सरकतं. पंप तेल ढकलतो, व्हॉल्व्ह दिशा ठरवतो, सिलिंडर टेबल ओढतो. ताकदीला तोटा नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये चौरस सेंटिमीटरला ४० किलो दाबाचं तेल सोडलं, तर सुमारे ७८५ किलोचा जोर मिळतो. दुखणं निराळंच आहे. सकाळी तेल थंड आणि घट्ट असतं, दुपारपर्यंत ते तापून पातळ होतं. त्यामुळे व्हॉल्व्हला हात न लावताही फीड, म्हणजे टेबल सरकण्याचा वेग, बदलतो. अगदी सावकाश चालवलं की टेबल अडखळत सरकतं आणि जॉबवर लाटा उठतात. सील झिजले की खाली तेलाचं थारोळं. टेबल उभं असलं तरी पंपाची मोटार फिरतच राहते, आणि ती वीज तेल तापवण्यात जाते.

उपाय म्हणजे सिलिंडरच्या जागी बॉल स्क्रू आणि सर्व्हो मोटार. बॉल स्क्रूच्या नटमध्ये पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घर्षण फार कमी. साध्या आट्यांच्या स्क्रूमध्ये निम्म्याहून जास्त ताकद घर्षणात जाते, इथे जेमतेम दहा टक्के. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूला मोटारीने १० न्यूटन-मीटर पीळ दिला, तर टेबलाला साधारण ११५० किलोचा जोर मिळतो. मोटार मिनिटाला २००० फेरे फिरली, तर टेबल मिनिटाला १० मीटर धावतं. मोटारीच्या पाठीवरचा एन्कोडर फेऱ्याचा अंश न् अंश मोजतो आणि मोटार चालवणारा ड्राइव्ह चूक तिथल्या तिथे सुधारतो.

गंमत म्हणजे आकड्यांवर चालणारं जगातलं पहिलं मिलिंगही असंच जुळवलेलं होतं. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेने सिनसिनाटी कंपनीच्या 'हायड्रो-टेल' या तयार मिलिंग मशीनला नवं नियंत्रण जोडलं आणि सप्टेंबर १९५२ मध्ये ते चालवून दाखवलं. त्या नियंत्रणाच्या व्हॅक्यूम ट्यूब मावायला फ्रिजएवढी पाच कपाटं लागली होती. आज तेवढं काम हातात मावणारा डबा करतो.

पण डबा शेवटी येतो. आधी स्लाइड तपासायची. फिटर स्ट्रेट-एजला निळा रंग पुसतो आणि ती बेडवर हलकेच घासतो. उंचवटे असतील तिथेच निळे ठिपके उमटतात. ते स्क्रेपरने नखभरही नाही इतके खरडायचे, पुसायचे आणि पुन्हा निळा लावायचा. एका चौरस इंचात वीसेक ठिपके सारखे उमटले की स्लाइड जमली. हे काम दिवसेंदिवस चालतं आणि बाहेरच्याला त्यात काहीच घडताना दिसत नाही. पण बेड मधे झिजलेला असेल, तर नवा ड्राइव्ह टेबलाला त्याच वाकड्या वाटेने, फक्त अधिक नेमकेपणाने नेईल. स्क्रूही स्लाइडला समांतर हवा. तिरका बसला तर नट टोकाशी आवळतो आणि वर्षभरातच आवाज करू लागतो.

दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. पहिली, उभ्या अक्षाची. जुन्या मशीनचं डोकं बऱ्याचदा तेलाच्या दाबावर तोललेलं असतं. तो दाब काढण्याआधी खाली लाकडी ठोकळा लावलाच पाहिजे. बॉल स्क्रू स्वतःहून अडत नाही. वीज गेली की डोकं खाली घसरतं, म्हणून तिथे ब्रेकवालीच मोटार हवी. दुसरी गोष्ट स्पिंडलची. व्हीएफडीने, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने, वेग कमी करता येतो, पण वेग कमी केला की मोटारीची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. मोठा कटर सावकाश फिरवायचा तर जुना गिअरबॉक्स राहू द्यावा. टूल आवळायला तेल लागत असेल, तर त्यापुरता छोटा पॉवर पॅकही ठेवावा. तेलाशी भांडण नाही, त्याच्याकडून नेमकं माप मागण्याशी आहे.

ओतीव लोखंडाचा बेड वर्षानुवर्षं मुरतो, त्यातला ताण निघून जातो आणि तो आकाराने स्थिर होतो. थकतात ते सील, व्हॉल्व्ह, रिले आणि वायरी. तेव्हा ड्राइव्हचं कोटेशन मागवण्याआधी एक दिवस काढा, स्ट्रेट-एज आणि निळा घेऊन बेडपाशी बसा. लोखंड शाबूत निघालं तर खर्च करा. बेडला तडा असेल किंवा खरडूनही जमणार नाही इतकी झीज असेल, तर भंगारवाल्याला बोलवा.