बिनपगारी, फुल वाफेवर

वेल्सच्या एका चिमुकल्या रेल्वेवर एक पाद्रीबाबा गार्डाचं काम करत होते. पगार नाही, भत्ता नाही. सुट्टी काढून, स्वतःच्या खर्चानं आलेले. डोंगरातल्या स्टेशनावर गाडी थांबली, इंजिनानं पाणी घेतलं, बाबांनी हिरवं निशाण दाखवलं आणि गाडी सुटली. पण फराळाचं दुकान सांभाळणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या होत्या. या पाद्रीबाबांचं नाव रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री. टीव्हीवरच्या निळ्या थॉमस इंजिनाचे जनक म्हणून आपल्याकडची नातवंडंही त्यांना ओळखतात, नावानं नसली तरी. ही फजिती त्यांनी लपवली नाही. एका इंजिनाच्या नावावर घालून गोष्ट लिहिली आणि मोकळे झाले.

त्या रेल्वेचं नाव टॅलिलिन. हौशी माणसांनी ताब्यात घेऊन चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. आज ब्रिटनमध्ये अशा शंभरावर गाड्या धावतात आणि त्यांतल्या बहुतेकींचं गाडं बिनपगारी माणसांच्या खांद्यावर आहे. आपल्याकडे ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ हे चेष्टेनं म्हणतात. तिथे मात्र बिनपगारी माणसाला अधिकार मिळायला काही वर्षं काजळी पुसावी लागते. त्याबद्दल पुढे.

टॅलिलिन बांधली गेली १८६५ साली, खाणीतला पाटीचा दगड समुद्रकाठच्या टाउइन गावापर्यंत आणायला. रुळांची रुंदी सव्वादोन फूट, लांबी सुमारे सात मैल, आणि इंजिनं दोनच: टॅलिलिन आणि डॉलगॉख. विसाव्या शतकात खाण डबघाईला आली. मालक सर हेडन जोन्स हे तिथले खासदार. ‘मी आहे तोवर गाडी चालेल’ असं म्हणून त्यांनी ती पदरमोड करून चालवली. १९४६ च्या अखेरीस खाण ढासळून बंद झाली, तरी गाडी चालूच. १९४८ मध्ये सरकारनं देशभरातल्या रेल्वे ताब्यात घेतल्या, त्या यादीत ही नव्हती. कुणाला आठवण झाली नाही की नको होती, कोण जाणे. जुलै १९५० मध्ये सर हेडन वारले.

तेव्हा एल. टी. सी. रोल्ट पुढे आले. शिक्षणानं इंजिनिअर, पेशानं लेखक, कालव्यांतल्या होडीवर घर करून राहिलेला माणूस. ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात त्यांनी सभा बोलावली. रेल्वे आपणच चालवू, एवढाच विषय. आज यात नवल वाटत नाही, पण त्या संध्याकाळपर्यंत हे कुणी केलेलं नव्हतं. रेल्वे चालवायची ती सरकारनं किंवा कंपनीनं. कारकून, शिक्षक, दुकानदार मिळून रेल्वे चालवतात ही कल्पनाच हास्यास्पद होती. खुद्द रेल्वेची अवस्था तर विचारू नका: स्लीपर कुजलेले, रूळ गवतानं धरून ठेवलेले. दोनपैकी एकच इंजिन कसंबसं चालणारं. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली होती आणि तिचेही रूळ नेमके सव्वादोन फुटी. तिची दोन इंजिनं प्रत्येकी २५ पौंडांत मिळाली. एकाला सर हेडन यांचं नाव दिलं, दुसऱ्याला जुन्या व्यवस्थापकांचं. १४ मे १९५१ रोजी हौशींची पहिली गाडी निघाली. पहिल्या दिवशी ती काही मैलच गेली, पण गेली.

मग माळच लागली. फेस्टिनिओग १९५५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या वाटेवर वीज मंडळाचं धरण आलं आणि जुना मार्ग पाण्याखाली गेला. तेव्हा तिथल्या स्वयंसेवकांनी शनिवार-रविवार कुदळ-फावडी घेऊन डोंगरातून नवी वाट खणली. चढ साधायला रूळ स्वतःवरूनच वळवून वर नेले. १९६५ मध्ये सुरू केलेलं हे काम पुरं करून गाडी शेवटच्या स्टेशनात पोचायला १९८२ उजाडलं. ससेक्समधली ब्लूबेल १९६० मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळची पफिंग बिली १९६२ मध्ये. ही शेवटची अडीच फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइटच्याच मापाची.

मोठ्या इंजिनांची कथा वेगळी, आणि तिचा नायक एक भंगारवाला. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेकडे वीस हजारांवर वाफेची इंजिनं होती. ११ ऑगस्ट १९६८ रोजी नेहमीच्या रुळांवरची वाफ संपली. इंजिनं भंगारात गेली. त्यांतली काही साउथ वेल्समधल्या बॅरी बंदरात डाय वुडहॅम यांच्या आवारात आली. वुडहॅम यांनी हिशेब असा केला: रिकामे मालडबे तोडायला सोपे, ते आधी तोडू, इंजिनं पडून राहू देत. हातातलं काम संपेना, त्यामुळे इंजिनांची पाळी येईना. खाऱ्या वाऱ्यात ती वर्षानुवर्षं गंजत उभी राहिली. पितळ-तांबं चोरीला गेलं. हौशी मंडळी आठवड्याच्या सुट्टीत तिथे येऊन आपल्या इंजिनावर रंगानं लिहून जात, ‘हे तोडू नका, पैसे जमवतोय’. १९६८ मध्ये पहिलं इंजिन सुटलं आणि १९९० मध्ये शेवटचं. एकूण २१३. वुडहॅम संत नव्हते, पण ते ग्राहकाला वेळ देत. जतनाच्या इतिहासात सरकारी संग्रहालयांपेक्षा या भंगारवाल्याचं नाव वर घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या २१३ मधल्या एकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ हे १९५४ साली क्रूच्या कारखान्यात बांधलेलं, आपल्या जातीचं एकुलतं एक इंजिन. मोठ्या आशेनं बांधलं, पण कोळसा फार खायचं आणि वाफ कमी द्यायचं. ड्रायव्हर वैतागले. आठच वर्षांत ते निकालात निघालं. त्याचा सिलिंडर कापून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात मांडला आणि उरलेला सांगाडा बॅरीला पाठवला. १९७४ मध्ये काही वेड्यांनी हा सांगाडा विकत घेतला. सिलिंडरच नसलेलं इंजिन घेणं म्हणजे काळीज नसलेला बैल बाजारातून हाकत आणणं. बारा वर्षं खपून १९८६ मध्ये त्यांनी ते पुन्हा पेटवलं. पण खरी गंमत दुरुस्तीत होती. मूळ नकाशे समोर ठेवून मापं घेताना लक्षात आलं, की भट्टीखालून हवा घेणारी दारं कारखान्यानं नकाशापेक्षा लहान ठेवली होती. धुराडंही त्या ताकदीच्या इंजिनाला तोकडं होतं. म्हणजे बिचाऱ्याला आयुष्यभर धड श्वासच घेता आला नव्हता. हौशींनी चूक सुधारली, आणि ज्याला सगळ्यांनी फेल म्हणून हिणवलं होतं ते इंजिन डोंगरचढावर जड गाड्या सहज ओढू लागलं. जिथे सरकारी कारखाना चुकला तिथे सुट्टीतली माणसं बरोबर निघाली.

हे काम करायचं तर करायचं काय? वाचकाला वाटत असेल शिट्टी वाजवायची. शिट्टीपर्यंत पोचायला वर्षं लागतात. नवा माणूस आधी क्लीनर. पहाटे शेडमध्ये येऊन कालची राख काढायची, धूरपेटीतली काजळी फावड्यानं ओढायची, चाकं-दांडे तेलाच्या चिंधीनं पुसायचे. पुसता पुसताच भेग दिसते, ढिला खिळा दिसतो. पुसणं म्हणजे तपासणी, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मग परीक्षा देऊन फायरमन, आणि त्यानंतर आणखी काही वर्षांनी ड्रायव्हर. फायरमननं कोळसा ढकलायचा नसतो, पेरायचा असतो: मागचे कोपरे भरलेले, मधे पातळ, कुठे भोक पडू द्यायचं नाही. भोक पडलं की थंड हवा आत घुसते आणि दाब उतरतो. चढ यायच्या आधी आग तयार हवी. चढावर कोळसा टाकायला लागलात की उशीर झाला. आणि या सगळ्यांत एक डोळा काचेच्या नळीवर, पाणी किती आहे ते पाहायला. पाणी भट्टीच्या छताखाली गेलं तर छत तापून खचतं. म्हणून छतात शिशाचं बुच बसवलेलं असतं. पाणी कमी झालं की ते वितळतं आणि वाफ सुटून धोक्याची जाणीव होते. बुच वितळवलेला फायरमन पुढची कित्येक वर्षं त्याच नावानं ओळखला जातो.

बॉयलरशी मस्करी नाही. साधारण महिन्याला तो रिकामा करून धुतात, वर्षाला तपासतात, आणि दहा वर्षांनी सगळी नळ्यांची जाळी बाहेर काढून, पत्रे तपासून, पाण्याच्या दाबावर परीक्षा घेऊन नवा दाखला मिळवतात. तोवर इंजिन निपचित. थंड बॉयलर घाईनं तापवायचाही नाही. एका बाजूनं तापला तर पत्रे आडवेतिडवे ताणतात. म्हणून आदल्या दिवशी हलकी आग घालून रात्रभर ऊब देतात. ही सावकाशी माझ्या पिढीला चुलीवरून माहीत आहे, पुढच्या पिढीला ती शिकवायला चूलच उरली नाही.

दहा-दहा वर्षांनी नळ्या बदलल्या, पत्रे बदलले, चाकांच्या धावा बदलल्या, मग मूळ इंजिन उरलं किती? हा प्रश्न विचारायची तिथे सोय नाही, कारण उत्तर डार्लिंग्टनला उभं राहिलं. एलएनईआर या जुन्या रेल्वे कंपनीच्या आराखड्याची, ए-१ जातीची ४९ इंजिनं १९४८-४९ मध्ये बांधली आणि १९६६ पर्यंत सगळी भंगारात गेली. एकही वाचलं नाही. तेव्हा १९९० मध्ये काही जणांनी ठरवलं, पन्नासावं बांधू. ‘आठवड्याला एका बिअरच्या किमतीइतके द्या’ असं आवाहन करून सुमारे तीस लाख पौंड जमवले. बॉयलर मात्र जर्मनीतल्या मायनिंगेनहून आणावा लागला. एवढा मोठा बॉयलर बांधणारा कारखाना वाफेच्या जन्मभूमीत उरला नव्हता. २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ पेटलं आणि २०१७ मध्ये ताशी शंभर मैलांनी धावलं. जतन होतंय ते लोखंडाचं नव्हे, हातातल्या कसबाचं. लोखंड निमित्त.

आता आपल्याकडे वळतो, आणि वळताना थोडा संकोच वाटतो. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. अरुंद रुळांवरही भरभक्कम गाडी चालते हे त्यांनी बार्शीच्या माळावर दाखवलं, आणि मग तेच तंत्र घेऊन १९०४ मध्ये इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड रेल्वे उभी केली. तिची इंजिनं बार्शीच्या इंजिनांची भावंडंच म्हणायची. सोलापूरच्या मातीत तपासलेलं तंत्र इंग्लंडला जातं, हा प्रवास शाळेच्या पुस्तकात यायला हवा होता. मॅनिफोल्ड रेल्वे मात्र १९३४ मध्ये बंद पडली, इंजिनं मोडीत गेली, आणि मार्गावर आता लोक चालतात, सायकली फिरवतात. टॅलिलिनची सभा सोळा वर्षांनी झाली. तोवर कुणाला सुचलंच नव्हतं.

मला बार्शी लाइट आठवते ती कुर्डुवाडीला गाडी बदलताना. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि तो पदराच्या टोकानं काढणारी आई. इंजिनाकडे पाहायचं राहूनच गेलं.

माथेरानच्या गाडीचंही तसंच. सुरुवातीच्या चार जर्मन इंजिनांपैकी एक, ७४० नंबरचं, इंग्लंडात लेटन बझर्डच्या हौशी रेल्वेकडे पोचलं. दार्जिलिंगचं १८८९ चं ७७८ नंबरचं इंजिन तर एका ब्रिटिश रेल्वे अधिकाऱ्यानं, एड्रियन शूटर यांनी, आपल्या ऑक्सफर्डशायरमधल्या घराच्या बागेत रूळ घालून चालवलं. इथे चौथरा मिळतो. स्टेशनाबाहेर, रंग लावून, भोवती कुंपण आणि दोन झाडं. चौथऱ्यावरच्या इंजिनाचा बॉयलर तपासायला कुणी दहा वर्षांनी येत नाही, त्यामुळे एक दिवस त्यात पक्षी घरटं करतात आणि सगळे खूश असतात.

सरसकट असं म्हणणं मात्र अन्याय होईल. १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावलं, रेवाडीचं वाफेचं शेड जिवंत आहे. पण तिथे राबतात ते रेल्वेचे पगारी कर्मचारी. बदली झाली की जाणकार माणूस हलतो. स्वयंसेवक हलत नाही. फार तर म्हातारा होतो.

आपल्याला श्रमदान नवं नाही. रविवारी पहाटेची एसटी धरून गडावर जाणारी, टाक्यातला गाळ उपसणारी, ढासळलेल्या पायऱ्यांचे दगड खांद्यावरून चढवणारी पोरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. मग इंजिनाकडे का नाही? एक कारण सरळ आहे: गडावर कुदळ चालवायला दोन परवानग्या पुरतात, रुळावर चाक फिरवायला अख्खं मंत्रालय हवं. ब्रिटनमध्ये बंद पडलेला मार्ग विकत मिळाला आणि १८९६ च्या हलक्या रेल्वेच्या कायद्यानं चालवायची वाट दिली. इथे तसा कायदा नाही. दुसरं कारण मला कमी आवडतं. शिकलेल्या माणसानं राख काढायची हे आपल्याला अजून पचत नाही. गडावरची माती कपाळाला लावतात, धूरपेटीतली काजळी कुणी लावत नाही. मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतला गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, म्हणजे ते चालवणारे, पेटवणारे लोक आज साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांच्या शेजारी बसून कोळसा कसा पेरायचा हे शिकायला कुणी गेलं आहे का?

तिकडेही सगळं सुरळीत नाही. आता कोळसाच मिळेना. वेल्समधली फोस-इ-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि ज्या देशात पंचक्रोशीतला कोळसा वापरायचे तिथे तो जहाजानं मागवावा लागतो. कोळशाच्या भुकटीत चिकट पदार्थ घालून बनवलेले गोळेही काही ठिकाणी जाळून पाहतात. जुने ड्रायव्हर म्हणतात, आग तशी बोलत नाही. आणि हे जुने ड्रायव्हर आता मोजकेच उरलेत. ज्यांनी रेल्वेच्या नोकरीत वाफ हाताळली ती पिढी जवळपास संपली. आज शिकवणारेही हौशीच आहेत, आणि त्यांचे गुरूही हौशीच होते.

टाउइनला मात्र टॅलिलिन आणि डॉलगॉख ही दोन्ही मूळ इंजिनं अजून आहेत. दोन्हींच्या दुरुस्तीच्या वह्या बऱ्याच जाड झाल्या असतील. संध्याकाळी शेवटची गाडी आली की आग खाली ओढतात, बॉयलर पाण्यानं भरून ठेवतात. नव्या क्लीनरच्या हातात फावडं देऊन ड्रायव्हर चहा घ्यायला जातो.